नकोची टोपली

आमच्या तार ऑफिसात सगळे साहेबांना भीत असत आणि साहेब कागदांना भीत असत. ह्यात मीठमसाला काही नाही. सकाळी कामावर आले की यंत्रांच्या खोलीच्या दारात ते थबकत, टेबलांवर साचलेल्या तारांच्या गठ्ठ्यांकडे बघत, आणि मग बिळात हात घालावा तसा सगळ्यांत खालचा कागद दोन बोटांनी ओढून काढत. तो वाचून झाला की त्याच्यावरचा. अगदी वरचे, नुकते आलेले कागद ते शेवटी बघत. "वरचा कागद आपण होऊन ओरडतो," म्हणत. "खालचा गप पडून असतो. त्याला भ्यावं."

मी बेळगावची. राज्यांची नवी वाटणी होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्यानंतर थोड्याच वर्षांनी परीक्षा देऊन मी बंगळूरच्या तार ऑफिसात लागले. धाकटा भाऊ आधीच तिथल्या एका कारखान्यात फिटर होता. शिवाजीनगरात एका वठारात, म्हणजे एका ओळीत बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांत, आम्ही दोघं राहत होतो. मी घरी कुणालाच न भिणारी म्हणून प्रसिद्ध होते. पहिल्या आठवड्यातच माझी ती प्रसिद्धी संपली.

ते आमचे वरिष्ठ, यंत्रांच्या खोलीचे मुख्य. घराणं मराठी, पण तीनशे वर्षं बंगळुरात मुरलेलं. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर घोड्यावर बसून इकडे आले असं ते सांगत, आणि वंशज मात्र जटक्याच्या, म्हणजे इथल्या टांग्याच्या, म्हाताऱ्या घोड्याला वळसा घालून जात. बारा महिने बंद गळ्याचा कोट, गळ्याला मफलर, काखेत छत्री. गाय आडवी आली की रस्ता बदलायचा. न्हाव्यानं वस्तरा गळ्याशी आणला की डोळे मिटून स्तोत्र म्हणायचं. देवी टोचणारा माणूस गल्लीत आला की सगळे लपत, हे त्याला शोधत जात. दोन्ही दंडांवर टोचल्याच्या इतक्या खुणा होत्या की त्यांची बायको म्हणे, "ह्यांचा दंड न्हवे, आंबोळी आहे."

बाई कितीही लहान असो, तिला ते अक्का म्हणत. पुरुष म्हटला की अण्णा, मग तो झाडूवाला का असेना. कुणाचा मान राहून गेला आणि तो रागावला तर काय घ्या. असा माणूस आम्हाला भीती घालत असेल हे बाहेरच्याला खरं वाटायचं नाही.

पण ते भीती घालत. आवाज चढवत नसत, उलट खाली आणत. एखादी तार टेबलावर जरा जास्त वेळ पडलेली दिसली की ते येऊन खुर्चीमागे उभे राहत. "अक्का, ही कुणाची?" मी नाव वाचायची. "पूर्ण वाचा." मी पूर्ण वाचायची. "आता ह्यांच्या दारात उभ्या राहा. तार यायची आहे, आली नाही. काय करताय तुम्ही?" आधी मला वाटलं, हा खोडसाळपणा आहे. पण उत्तर दिल्याशिवाय ते हलत नसत. मग मी काहीतरी सांगायची, की वाट बघते आहे. "किती वेळ? चूल पेटवली? मुलाला शाळेत पाठवलं की घरीच ठेवलं?" एका कागदामागे अख्खं घर उभं करवत आणि मग निघून जात. त्या घरातली माणसं माझ्याबरोबर संध्याकाळी शिवाजीनगरापर्यंत चालत येत. भाऊ म्हणायचा, "काय गं, जेवेनास का?" त्याला काय सांगणार?

आमच्याकडची जुनी पद्धत अशी होती की आलेला प्रत्येक फॉर्म टेबलावरच्या उभ्या खिळ्याला टोचायचा. नवा आला की जुन्याच्या डोक्यावर. लाइन मोकळी झाली की तार पाठवणारा सिग्नलर हात घालेल तो अर्थात वरचा. सकाळी आलेली तार खिळ्याच्या बुडाशी, दुपारची शेंड्याला, आणि दुपारची आधी रवाना. त्यातही सगळ्या गावांचे कागद एकाच खिळ्याला. बेळगावची लाइन तुटली की बेळगावचे कागद तसेच राहत आणि त्यांच्याखाली मद्रासचे गुदमरत. कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. इंग्रजांच्या वेळेपासून खिळा चालला होता, म्हणजे तो बरोबरच असणार.

त्यांनी खिळे काढून फेकले. शिवाजीनगरच्या बाजारातून स्वतः वेताच्या टोपल्या आणल्या, लाइनीगणिक एक. टोपलीत नवा कागद खाली सरकवायचा, जुना वरून उचलायचा. एका टोपलीची लाइन बंद पडली तर तिनं बाकीच्यांच्या वाटेत यायचं नाही. लग्नसराईत शुभेच्छांच्या तारा पोत्यानं येत, त्यांना त्यांनी वेगळं सूप दिलं. "आशीर्वाद स्वल्प उशिरा पोचला तर नवरानवरी पळून जात नाहीत," म्हणाले. आम्ही चेष्टा केली, की साहेबांनी भाजीचं दुकान मांडलंय. पण महिन्याभरात काम इतकं सुरळीत झालं की चेष्टा करायलाही निवांतपणा मिळू लागला.

मग आली नकोची टोपली. ऑफिसात कानडी, तमिळ, मराठी सगळी माणसं. तिला सगळे 'बेडा' म्हणत. बेडा म्हणजे कानडीत नको. येऊ नका, विकू नका, देऊ नका, निघू नका, अशा सगळ्या तारा त्या टोपलीत पडत, आणि कुठलीही लाइन मोकळी झाली की पहिला हात बेडाच्या टोपलीत. तातडीच्या जास्त पैशांच्या ताराही तिच्यामागून. मृत्यूच्या ताराही मागून. ह्यावर मी एकदा वाद घातला होता. ते म्हणाले, "मेलेला माणूस थांबतो, अक्का. चालता माणूस थांबत नाही. नको म्हणणाऱ्या तारेच्या पुढे कुणीतरी चालू लागलेलं असतं. ती त्याच्यामागे धावते आहे. तिला खुर्चीत बसवू नका."

ही टोपली त्यांना कशी सुचली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत. मुलीला सासरी पाठवू नका, अशी तार एका माणसानं दावणगेऱ्याला आपल्या घरी केली होती. मुलीच्या सासरी त्यानं काय बघितलं होतं ते देव जाणे. तार खिळ्याच्या बुडाशी राहिली. ती पोचली तेव्हा घरचे मुलीला पोचवूनही आले होते. काही आठवड्यांनी तो माणूस आमच्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला. भांडला नाही, कुणाला काही म्हणाला नाही. संध्याकाळी उठून गेला. "मुलीचं काय झालं?" मी विचारलं. ते म्हणाले, "विचारायला माझी छाती झाली नाही. त्याच्या शेजारून मी दोनदा गेलो. दोन्हीदा छत्री उघडून गेलो."

त्या दिवसानंतर ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहत त्याचा मी राग केला नाही. भीती मात्र होती तशीच राहिली.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी भावाला ताप भरला. साधा ताप नव्हे. अंग भाजल्यासारखं, कंबर धरून ओरडायचा, मधूनच बडबडायचा. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूज्वर असू शकतो. आईला बोलावून घ्या." मी सकाळी ऑफिसात जाऊन बेळगावला तार दिली, की भाऊ फार आजारी, ताबडतोब निघा. रजा सांगितली आणि घरी परतले. आई कधी एकटी गाडीत बसलेली नव्हती. धाकटी बहीण बाळंतपणासाठी तिच्याकडे आली होती, सातवा सरून आठवा लागला होता. आई तिला घेऊनच येणार हे उघड होतं, आणि सकाळी मला त्यात काही वाईट वाटलं नाही. पोरगी येईल, घरात माणूस होईल, एवढंच मनात आलं.

दुपारी भावाच्या कपाळावर आणि मनगटांवर पुटकुळ्या दिसू लागल्या. डॉक्टरांनी त्याचा हात उचलून उजेडात धरला आणि हलकेच खाली ठेवला. "देवी आहेत," ते म्हणाले. मी म्हटलं, माझी बहीण निघेल, तिला दिवस गेलेत. डॉक्टर उभेच राहिले. "तिला ह्या खोलीची सावलीही नको. गरोदर बाईला हा रोग झाला तर बहुधा दोन्ही जातात."

मी कागद घेऊन लिहिलं, येऊ नका, पत्र पाठवते. कारण लिहिलं नाही. देवी हा शब्द तारेवर गेला असता तर दहा माणसांनी वाचला असता, दिवेलागणीच्या आत पालिकेची गाडी दारात आणि वठाराचे मालक आमचं सामान रस्त्यात. एक दिवस तरी मला भावाजवळ हवा होता, डॉक्टरांकडूनही मी तेवढाच मागून घेतला. डॉक्टरांच्या कंपाउंडरला मी तो कागद देऊन पळवलं. मनात म्हटलं, नकोची तार आहे, साहेबांच्या टोपलीत पडेल, पुढचं बघायला नको. त्या सगळ्या दिवसात मला तेवढाच एक धीर होता.

सकाळपासून बेळगावची लाइन बंद होती. हुबळीच्या पुढे वळवानं खांब पाडले होते. माझी सकाळची तार बेळगावच्या टोपलीत इतर कागदांबरोबर पडून होती. दुपारची तार आली तेव्हा साहेबांनी माझं नाव ओळखलं. कंपाउंडरच्या हातून कागद घेऊन त्यांनी स्वतः बेडाच्या टोपलीत ठेवला आणि टोपलीवर हात ठेवून उभे राहिले. लाइन सुरू झाली त्या क्षणी सिग्नलरच्या हातात तोच दिला. तो जाईपर्यंत हलले नाहीत. तो गेला. मग लाइनीवर बेळगावची टोपली सुरू झाली, आणि तिच्यातून सकाळची माझी तार निघाली.

आईच्या हातात पहिल्यांदा पडलं, येऊ नका. तिला काही उमगेना. कुठे येऊ नका, का येऊ नका? बहिणीनं दोनदा वाचून दाखवलं. तेवढ्यात तारवाला शिपाई पुन्हा दारात. भाऊ फार आजारी, ताबडतोब निघा. आता सगळं उमगलं. आधी थोरली घाबरवायचं नाही म्हणून नको म्हणत होती, आता पोराचं जास्त झालं. कुठल्याही आईनं हेच वाचलं असतं. कुणी फॉर्मवरची वेळ बघत बसतं? त्यांनी पातळं पिशवीत कोंबली आणि संध्याकाळची गाडी पकडली.

दिवेलागणीला खिडकीबाहेर कुणीतरी दबक्या आवाजात हाक मारली. खिडकीतून बघते तर साहेब गल्लीत. पाऊस नव्हता, तरी छत्री उघडलेली. काम सुटण्याआधी दिवसभराच्या गेलेल्या सगळ्या तारांवर नजर फिरवायची त्यांची सवय होती, आणि तेव्हा त्यांना एकाच पत्त्याचे दोन कागद दिसले होते.

"अक्का," ते म्हणाले, "तुमच्या दोन तारा उलट्या पोचल्या. 'नको' आधी गेलं. 'या' मागून गेलं."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा खिडकीचा गज धरला. "गाडी?"

"बेळगावहून सुटली. मी स्टेशनवर जाऊन आलो. हुबळीला निरोप द्या म्हणून रेल्वेच्या तारवाल्याचे पाय धरले. म्हणतो, आमच्या तारा गाड्यांसाठी आहेत, पाहुण्यांसाठी न्हवेत." ते खिडकीजवळ सरकले. "तुम्ही येऊ नका म्हणालात ते का? भाऊ बरा आहे ना?"

मी चौफेर बघितलं. शेजारणी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी खिडकीशी तोंड नेऊन फक्त ओठ हलवले. त्यांना समजलं. ते मागे सरकले, सरकत सरकत समोरच्या भिंतीला टेकले. मला वाटलं, हा माणूस आता पळणार, आणि पळाला तर त्याला बोल लावता येणार नाही.

"बहीण गरोदर आहे," मी म्हटलं. "आठवा महिना."

त्यांनी छत्री मिटली. मग म्हणाले, "सरी, ठीक. गाडी उद्या दुपारी. मुख्य स्टेशनवर गर्दीत हरवतील. मी अलीकडच्या यशवंतपूरला जाऊन तिथेच उतरवून घेतो."

"तुम्ही त्यांना कधी बघितलेलं नाही."

"हाका मारीन," ते म्हणाले.

ती रात्र कशी गेली ते मी सांगणार नाही. भाऊ पाणी मागत होता आणि मी पाणी देत होते.

यशवंतपूरला काय झालं ते बहिणीनं मला फार नंतर सांगितलं. गाडी थांबली, आणि कोट-मफलर घातलेला एक माणूस डब्यामागून डबा धावत ओरडत सुटला, बेळगावच्या अक्का, बेळगावच्या अक्का, उतरा, घरी जाऊ नका. ज्यांनी आयुष्यात कुणाला मोठ्यानं हाक मारली नव्हती ते प्लॅटफॉर्मभर बोंबलत होते. छत्रीनं खिडक्या वाजवत होते. डोळे फिरलेले, टोपी पडलेली. बायकांच्या डब्यात आईनं बहिणीला कोपऱ्यात दाबलं आणि खिडकीची झडप खाली ओढली. बंगळुरात चोर नातेवाइकांची नावं घेऊन उतरवतात असं त्यांना निघताना शेजाऱ्यांनी बजावलं होतं. "आम्ही दोघी श्वास धरून बसलो होतो," बहीण म्हणाली. "तो खिडकीशी आला गं. झडपेच्या फटीतून त्याची बोटं दिसली. मी आईचा हात चावला, ओरडू नये म्हणून."

गाडी हलली तशी ते शेजारच्या पुरुषांच्या डब्यात चढले. मुख्य स्टेशनवर उतरले तेव्हा माणसांच्या लोंढ्यात ह्या दोघी दिसल्याही नाहीत. त्या जटका करून थेट माझ्या दारात.

मी आत होते. कडी वाजली. आईचा आवाज, "उघड गं, आम्ही आलो." मी कडीवर हात ठेवला, पण ती काढण्यासाठी नव्हे.

"आई, उघडत नाही," मी म्हटलं. "हिला घेऊन मागे जा."

"काय झालं? पोर कुठं आहे?" आई दाराला धडक देऊ लागली. बहीण रडायला लागली. "ताई, असं काय करतेस? मला उभं राहवत नाही गं." वठाराच्या सगळ्या दारांत माणसं आली असतील. मला सगळं दारातून सांगता येत नव्हतं. शब्द बाहेर पडला की संपलं. आत भाऊ आईचा आवाज ऐकून उठून बसायला बघत होता. दाराच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला बहीण आणि तिचं पोट, आणि मधे मी, पाठ दाराला लावून. इतकी भीती मला त्याआधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

मग मला सुचलं. मी फटीला तोंड लावून म्हटलं, "आई, कडुलिंबाच्या डहाळ्या लागतील. अंथरायला."

दारावरच्या धडका थांबल्या. आईला लहानपणी देवी आल्या होत्या, तिचा सगळा चेहरा त्यांनी खणलेला होता. कडुलिंबाच्या पाल्यावर कुणाला निजवतात हे तिला सांगायला नको होतं. ती म्हणाली, "बरं." मग बहिणीला म्हणाली, "तू मागं सर. आणखी मागं. त्या खांबाजवळ जा." तिच्या आवाजात काहीच नव्हतं. "मी येतो आत. मला पुन्हा होत नाही. हिला कुठं पाठवू ते सांग."

आणि तेवढ्यात साहेब गल्लीच्या तोंडाशी पोचले. स्टेशनपासून धावत आले होते. त्यांना बघून बहीण किंचाळली, "आई, तोच वेडा."

"ते वेडे नाहीत," मी आतून म्हटलं. "ते आमचे साहेब. त्यांच्याबरोबर जा."

"ह्यांच्याबरोबर?"

"जा गं," आई म्हणाली. "थोरली म्हणते तर जा."

साहेबांनी काही समजावलं नाही. दम लागला होता. त्यांनी छत्री बहिणीच्या बाजूला आडवी धरली, मधे अंतर राहील अशी, आणि दुसऱ्या हातानं तिची पिशवी उचलली. त्या पिशवीला आईचा हात लागला होता, आईचा हात माझ्या दाराला लागला होता, आणि हे सगळं त्यांच्या डोक्यात चालू असणार हे मला खिडकीतून दिसत होतं. तरी त्यांनी ती पोटाशी धरली. दोघं गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, मग मी कडी काढली.

बहीण त्यांच्या चिक्कपेटेतल्या घरी महिनाभराहून जास्त राहिली. त्यांची बायको आडदांड, हसरी, कशालाच न भिणारी. ती माझ्या बहिणीला म्हणायची, "ह्यांना झुरळापासनं जजापर्यंत सगळ्यांची भीती. तुला घरात घेतलं, तर आता स्वतः पडवीत झोपतात. सकाळी उठून मलाच पाठवतात, जा, अक्काच्या कपाळाला हात लाव, ताप बघ. मी बघितलं म्हटलं की पुन्हा जा." बहिणीला ताप आला नाही, अंगावर एक पुटकुळी उठली नाही. पुढे बेळगावला जाऊन ती बाळंत झाली, मुलगी, सुखरूप.

भाऊ गेला. डॉक्टरांनी कळवलं तशी पालिकेची माणसं आली, वठारातल्या सगळ्यांना टोचलं, आणि त्याला गावाबाहेरच्या साथीच्या इस्पितळात हलवलं. आईला कुणी अडवू शकलं नाही. ती त्याच्या खाटेशी बसून राहिली. डोळे सुजून बंद झाले होते त्याचे, पण हात हातात धरला की तो बरोबर ओळखायचा, ही आई, परिचारिका नव्हे. शेवटीही त्यानं आईलाच हाक मारली, आणि ती तिथे होती. मालकांनी आम्हाला खोली सोडायला लावली. मी दुसरीकडे गेले आणि पुन्हा कामावर रुजू झाले.

ऑफिसात साहेबांनी नवी पद्धत सुरू केली होती. बेडाच्या टोपलीतली तार हातात घेतली की आधी त्याच पत्त्याची दुसरी तार त्या लाइनीच्या टोपलीत पडली आहे का बघायचं, आणि असली तर दोन्ही दोऱ्यानं बांधून, जुनी वर ठेवून, एकत्र पाठवायच्या. पद्धत उत्तम होती. तो दोष पुन्हा कधी झाला नाही. पण दोरा बांधताना ते माझ्याकडे बघत नसत, मीही त्यांच्याकडे बघत नसे. मला त्यांचा राग होता का? असावा. माझा भाऊ देवीनं गेला, टोपलीनं नाही, हे मला कळत होतं. पण रात्री दाराशी पाठ लावून मी पुन्हा उभी राहायची, आणि मग कुणावर तरी रागवावंसं वाटायचं.

आई आणि बहीण बेळगावला परत निघाल्या, तेव्हा ते स्टेशनवर आले. दूर, खांबाआड उभे होते. बहिणीनं त्यांना बघितलं आणि हात जोडले. ती आता त्यांना मामा म्हणत होती. आईनं मला खुणावलं, त्यांना बोलाव. ते आले, मान खाली घालून. त्यांना वाटत होतं, आता ऐकून घ्यायचं. मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर मला ते ऐकायचं होतं.

आईनं खिडकीतून हात काढून त्यांचा हात धरला. आमच्याकडची त्या वयाची बाई परक्या पुरुषाचा हात धरत नाही.

"थोरलीनं सांगितलं मला सगळं," आई म्हणाली. "तारा उलट्या गेल्या ते. अण्णा, तुमच्या त्या तारा नीट गेल्या असत्या तर मी घरी बसलो असतो. पत्राची वाट बघत. माझं पोर इथं मला हाका मारत गेलं असतं." ती थांबली. "हिला काही झालं असतं तर मी तुम्हाला शाप दिला असता. नाही झालं. आता मी काय म्हणू? तुमच्या चुकीनं मला माझं पोर दिसलं. देव तुमचं भलं करो."

गाडी सुटली. मी पदरानं डोळे पुसले आणि साहेबांकडे बघितलं, तर ते पांढरेफटक पडले होते. त्या दिवशी गल्लीत, देवीचं नाव ऐकून भिंतीला टेकले होते तेव्हाही ते इतके भ्यालेले नव्हते. स्टेशनाबाहेर आम्ही चालत आलो, बसथांब्यावर उभे राहिलो. आमची बस आली, निघून गेली, तरी ते चढले नाहीत, म्हणून मीही चढले नाही.

"अक्का," ते शेवटी म्हणाले, "आईंनी शिव्या द्यायला हव्या होत्या. मग चूक ती चूक राहिली असती." त्यांचा आवाज खाली, अगदी खाली आला होता, खुर्चीमागे उभे राहिल्यावर यायचा तसा, पण ह्या वेळी प्रश्न माझ्यासाठी नव्हता. "आता उद्या सकाळी टोपल्यांपुढे उभा राहीन, तर पहिली कुठली तार उचलू, सांगा."

आई आणि बहीण एकाच गाडीत बसून सुखरूप घरी चालल्या होत्या, आणि बसथांब्यावर साहेबांच्या शेजारी मी पुढची बसही जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेले तेव्हा ते भरलेल्या टोपल्यांसमोर हात मागे बांधून उभे होते, आणि लाइन मोकळी होती.